फायबरच्या टोकावरचं गंध

पंचवीसेक वर्षं मी मशीनच्या पोटात हात घालून पोट भरलं. आयटीआयचा वायरमनचा कोर्स केला तेव्हा रिले म्हणजे काय, हेच आम्हाला मोठं ज्ञान वाटायचं. नव्वदच्या दशकात मंचरजवळच्या एका दूध डेअरीत लागलो. तिथं कॅनखाली लोखंडी काडीचे स्विच असायचे. कॅन आला की काडी वाकायची, मोटर थांबायची. काडी गंजली की आपण सरळ करायची, तेल सोडायचं, पुढं चालू. त्या कामात शहाणपण लागत नव्हतं, फक्त हात काळे व्हायचे. तिथली दहा वर्षं कशी गेली हे कुणी विचारलं तर मला धड सांगता येणार नाही.

नंतर नारायणगावच्या अलीकडं टोमॅटो सॉसच्या पुड्या भरायचा एक कारखाना निघाला, तिथं गेलो. हॉटेलात समोशाबरोबर देतात त्या बोटभर पुड्या. पगार थोडा बरा होता, आणि रोज घोडेगावकडच्या घरी जाऊन-येऊन करता येत होतं. दोन एसट्या बदलाव्या लागायच्या. सकाळी निघताना जो दमलेला असायचो तोच संध्याकाळी परत यायचो.

तिथल्या पुडीच्या मशीनवर मी पहिल्यांदा फायबरचा सेन्सर पाहिला. पुडीची फिल्म अर्धवट पारदर्शक असते आणि दर पुडीच्या कडेला एक काळी पट्टी छापलेली असते. ती पट्टी आली की सुरी खाली यायची. पट्टी आली हे ओळखायला फिल्मच्या वर आणि खाली फायबरच्या दोन काळ्या बारीक दोऱ्या समोरासमोर लावलेल्या. त्यांच्यात करंट नाही, नुसता उजेड. एका टोकातून उजेड निघायचा, फिल्ममधून आरपार जाऊन दुसऱ्या टोकात शिरायचा. दोऱ्यांची दुसरी टोकं पॅनेलमधल्या अंगठ्याएवढ्या रुंद डबीत खोचलेली. ती डबी म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. तिच्यावर दोन आकडे दिसत. लाल आकडा म्हणजे आत्ता किती उजेड येतोय तो, हिरवा म्हणजे कितीच्या खाली आला तर पट्टी समजायची तो. साधी फिल्म असली की लाल आकडा सव्वीसशेच्या आसपास, पट्टी आली की साडेसहाशे. हिरवा मधोमध, सोळाशेवर. खाली एक बारकं सेट बटण. ते दाबून धरलं की डबी समोरचा उजेड बघून स्वतःच नवा हिरवा आकडा ठरवायची.

सोबतचं पुस्तक इंग्रजीत होतं. मी ते डिक्शनरी घेऊन वाचलं, पंधरा दिवस लागले. पुण्याहून येणाऱ्या इंजिनियर साहेबांनी ते कधीच उघडलं नव्हतं, पण मला शिकवण्याचा त्यांचा उत्साह कायम असायचा. मी मान डोलवायचो. वाद घालायलाही अंगात जोर लागतो.

मशीन चालवायला जो ऑपरेटर होता तो खोडदच्या बाजूचा, धनगराच्या घरातला. वयानं माझ्याएवढाच. त्याच्या घरची मेंढरं दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायची आणि उन्हाळ्याच्या शेवटाला परत यायची. लग्नानंतरची बारा वर्षं तो आणि त्याची बायको त्या मेंढरांमागं चालली होती. आता दोन मुली शाळेत जायच्या वयाच्या झाल्या, तशी बायकोनं एकच गोष्ट धरली होती, की यंदा घाट उतरायचा नाही. त्यानं निम्मी मेंढरं विकली, निम्मी भावाकडं ठेवली आणि इथं कंत्राटी म्हणून लागला. पहिल्या दोन दिवाळ्यांना एकट्यानं मेंढरं न्यायला भाऊ तयार झाला नाही, बायकोला मुलींसह जावंच लागलं. तिसऱ्या दिवाळीला कारखान्याचे मॅनेजर साहेब त्याला पर्मनंट करणार होते. पर्मनंट झाला की भावाची मेंढरं भाऊ बघेल आणि बायको घरात राहील, असं घरात ठरलं होतं. यादीत नाव आलंय हे त्यानं मला सांगितलं तेव्हा त्यानं घराच्या दाराला नवी कडी बसवल्याचंही सांगितलं. दार आता वर्षभर उघडंमिटं होणार म्हणून.

आम्ही दोघं जेवायला मागच्या चिंचेखाली बसायचो. कॅन्टीनमध्ये बाकडी होती, मला तिथं बसू नको असं कुणी कधी म्हणालं नाही. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे नीट बोलायचे. फक्त माझ्या शेजारची बाकड्यावरची जागा जरा उशिरा भरायची. एवढंच. मी ते बघून न बघितल्यासारखं करायचो, त्याचाही शीण येतो. हा बाबा पहिल्याच दिवशी फडक्यातली भाकरी घेऊन माझ्यासमोर येऊन बसला, भाकरी मधोमध मोडली आणि अर्धी माझ्याकडं सरकवली. विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून रोज तसंच. मी माझी भाजी त्याच्याकडं सरकवायचो. अडीच वर्षं आम्ही असे जेवलो.

त्याला सेन्सरचं भारी कौतुक. त्यातून काय जातं म्हणून तो पुन्हापुन्हा विचारायचा आणि मी उजेड म्हटलं की हसायचा. मीच त्याला सांगून ठेवलं होतं, की या अख्ख्या मशीनमध्ये मोटर, सुरी, हीटर सगळं एकीकडं आणि ही दोन टोकं एकीकडं. ही टोकं आहेत म्हणून मशीन आहे. हात लावायचा नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या वर मी एक कागदही चिकटवला होता, माझ्याच अक्षरात, की सेट बटणाला ऑपरेटरने हात लावू नये.

खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा व्हायची. आदल्या दिवसापासून धुणंपुसणं, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. सगळ्या मशीनना ओलं हळदकुंकू लागायचं, मोटरला, पॅनेलला, दाब दाखवणाऱ्या घड्याळालासुद्धा. मी पूजा करत नाही, पण मला त्याचा राग नव्हता. ज्याच्यावर आपण जगतो त्याला माणूस एक दिवस हात जोडतो, त्यात माझं काय जातं. माझं काम वेगळं असायचं. पूजेआधी मी फायबरच्या दोन्ही टोकांना कागदी टेप गुंडाळून ठेवायचो, म्हणजे गंध, गुलाल काही आत जायला नको. दरवर्षी करायचो.

त्या वर्षी केलं नाही. दिवसभर कन्व्हेयरची मोटर खोलून धुतली होती, कमरेत उसण भरलेली. चारच्या सुमाराला साहेब आले आणि हसून म्हणाले, तुम्ही पूजेला थांबला नाहीत तरी चालेल, तुम्हाला लांब जायचंय. चांगल्या मनानं म्हणाले की कसं, मला आजतागायत कळलेलं नाही. मी ते ऐकलं, मनातल्या मनात बरंच काही बोललो आणि पिशवी उचलून चालू लागलो. घरी पोचल्यावर शर्टाच्या खिशात टेपचा रोल सापडला. हातात घेऊन बघितला आणि खुंटीला अडकवला. दसऱ्याच्या सुट्टीनंतर बघू, म्हटलं.

सुट्टीनंतर मी गेलो तो थेट बॉयलरकडं, कारण तो पेटत नव्हता. बॉयलर कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तासाभरानं तिथला इंटरकॉम वाजला. ऑपरेटर बोलत होता. पुडीचं मशीन उभं राहिलंय, लाल आकडा आठशेच्या वर जात न्हाई, हिरवा सोळाशेवर हाय, म्हणाला. म्हणजे मशीनला सगळीच फिल्म काळी दिसत होती. टोकं घाण झाली असणार, हे मला त्या क्षणी समजायला हवं होतं. समजलंही होतं. पण शंभर पावलं चालत जायचं, वाकायचं, पुसायचं, परत यायचं, आणि इथं बॉयलर तसाच. मी म्हणालो, सेट बटण दाब, आकडा लुकलुकेपर्यंत धरून ठेव, सुटेल. तो म्हणाला, मी दाबू का, तुमी तर हात लावू नगं म्हनला व्हता. मी वैतागून म्हणालो, आता मीच सांगतोय ना. त्यानं दाबलं. हिरवा आकडा पाचशेवर आला, मशीन सुरू झालं. मी बॉयलरच्या पॅनेलपाशी बसून चहा प्यायलो.

दोन दिवस सगळं ठीक चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारपासून पुड्या भलत्याच जागी कापल्या जायला लागल्या. कुठं पुडीच्या पोटातून सुरी जायची, कुठं शिवण अर्धवट राहायची. ऑपरेटर नेमका साठा मोजायला गोदामात पाठवलेला, मशीनवर बदली माणूस, त्याला काही उमगलं नाही. खोकी भरत गेली आणि तशीच गाडीत चढली. पोचेपर्यंत सगळा सॉस खोक्यांतून गळत होता. दुसऱ्या दिवशी गाडी जशीच्या तशी परत आली, तिचा वास मला फाटकातच आला.

साहेबांनी मला मशीन बघायला पाठवलं. मी वाकलो आणि सगळं लख्ख दिसलं. टोकांच्या खालच्या पत्र्यावर वाळलेल्या हळदकुंकवाच्या बारीक खपल्या पडल्या होत्या. कुणीतरी दोन्ही टोकांना नीट, बेतानं, बोटाच्या शेंड्यानं गंध लावलं होतं. ते ओलं असताना आणि वाळल्यावर उजेड अडून राहिला, म्हणून आठशे. त्या अंधारावरच मशीनला नवा आकडा शिकवला गेला, पाचशे. मग मशीनच्या थरथरीनं खपल्या गळून पडल्या, उजेड पुन्हा सव्वीसशे झाला, पट्टीचा साडेसहाशे. साडेसहाशे पाचशेच्या खाली येत नाहीत, त्यामुळं मशीनला पट्टी दिसेनाच, सुरी नुसती अंदाजानं पडत राहिली. मशीनचा काही दोष नव्हता. मी फडकं काढलं, टोकं पुसली, खपल्या पुसल्या, आकडा पुन्हा शिकवला. पाच मिनिटांचं काम होतं. फडकं धुऊन टाकलं, हे मात्र मी का केलं ते मला पक्कं माहीत आहे.

संध्याकाळी साहेबांच्या केबिनमध्ये आम्हाला दोघांना बोलावलं. साहेबांच्या हातात पॅनेलवरून काढलेला माझा कागद होता. हिरवा आकडा पाचशेवर होता हे त्यांना बदली माणसाकडून कळलं होतं. त्यांनी तो मोठ्यानं वाचला आणि ऑपरेटरला विचारलं, बटण कोणी दाबलं? तो म्हणाला, मी दाबलं. साहेबांनी विचारलं, कोणी सांगितलं होतं? तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता.

"कुनी न्हाई," तो म्हणाला.

आता बोलायची पाळी माझी होती. मला ते कळत होतं. एका वाक्याचं काम होतं, मी सांगितलं म्हणून त्यानं दाबलं. पण ते वाक्य बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, टोकं घाण कशी झाली, आणि त्याच्या पुढचा, दरवर्षी टेप लावता ती यंदा का लावली नाही. मग कुणीतरी म्हणालं असतं, की हा पूजा मानत नाही, यानं मुद्दाम केलं. आधी एका मोटरच्या जळण्यावरून मला एक मेमो मिळाला होता, दुसरा मिळाला की घरी, असं साहेबांनी बजावलं होतं. माझा मुलगा दहावीला होता. हे सगळं खरं आहे, आणि हे सगळं मी नंतर अनेकदा स्वतःला सांगितलंय. पण त्या वेळी डोक्यात यातलं फारसं काही नव्हतं. मी भ्यालो होतो आणि मला घरी जायचं होतं. मी गप्प राहिलो. साहेब म्हणाले, जा तुम्ही. मी गेलो.

त्याचं नाव पर्मनंटच्या यादीतून गेलं. कंत्राट दिवाळीपर्यंतच ठेवलं. म्हणजे पंधरा-सतरा दिवस तो तिथंच होता, त्याच मशीनवर, माझ्या डोळ्यांसमोर. त्या दिवसांत मी चिंचेखाली जेवायला गेलो नाही. रोज काहीतरी पॅनेल उघडून बसायचो आणि डबा तिथंच उभ्याउभ्या खायचो. एकदा तो फडक्यातली भाकरी घेऊन पॅनेलरूमच्या दाराशी आला. मी पाठमोरा होतो, पण पॅनेलच्या काचेत तो दिसत होता. थोडा वेळ थांबला. मी एक वायर काढली, तीच परत लावली. तो निघून गेला. दिवाळी झाली आणि ती चौघं मेंढरांबरोबर घाट उतरून गेली, हे मला दुसऱ्या कुणाकडून तरी कळलं.

कारखाना पुढं चार वर्षांनी बंद पडला, त्याला वेगळी कारणं होती. मी खासगी कामं करायला लागलो. विहिरींचे स्टार्टर, शीतगृहांची पॅनेलं, कुठं काय मिळेल ते. जुनी मोटरसायकल घेतली. थकवा तोच, फक्त एसटी गेली.

तो गेल्यावर आठ वर्षांनी, उन्हाळ्याच्या शेवटाला, खोडदच्या पुढं एका मळ्यात स्टार्टर दुरुस्त करून परत येत होतो. दुपारची वेळ. कांदा काढून मोकळ्या झालेल्या रानात मेंढरं बसवली होती, खतासाठी. मागं खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या. बांधावरच्या बाभळीखाली तो बसलेला दिसला. दाढी पांढरी झाली होती. मी गाडी तशीच पुढं न्यायला हवी होती, नेली नाही. त्यानंच हात केला.

"बसा की राव," म्हणाला. "जेवून जा."

मी बसलो. त्यानं फडकं आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं आणि गाठ सोडली. भाकरी होत्या, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. मुलींचं विचारलं. थोरलीचं लग्न झालं, शाळा सातवीतच सुटली, कोकणात कुठली शाळा धरणार, म्हणाला. बायकोचे गुडघे गेलेत, तरी चालते. तक्रार केल्यासारखं बोलत नव्हता. कारखान्याचं विचारलं, मी बंद झाल्याचं सांगितलं. मग तो खाली मान घालून म्हणाला, की एक गोष्ट कधीची बोलायची राहिलीय.

"त्या टोकांना गंध मीच लावलं व्हतं. तुमीच म्हनला व्हता, समद्या मशिनीत ह्येच मोठं. म्हनून त्यालाच आधी लावलं. हात लावू नगं म्हनलं व्हतं, तरी लावला. तुमाला राग आला, बोलनं सोडलं, जेवायला यायचं सोडलं. बरोबरच व्हतं. चूक माजी व्हती, मंग साहेबापुढं तुमाला कशाला मधी घ्यायाचं. पन लई लागलं मनाला. माफी मागायला आलो व्हतो एकदा, तुमी कामात व्हता."

तो हे सगळं अगदी सरळ बोलला. आठ वर्षं त्यानं हे असं धरून ठेवलं होतं. माझ्या गप्प बसण्याला त्यानं राग समजलं होतं, आणि राग यायला मला हक्क होता असंही तोच ठरवून बसला होता. मला वाटलं, आपण मान हलवावी, जाऊ दे म्हणावं आणि जेवावं. त्याचंही समाधान, माझंही. अगदी ओठांवर आलं होतं. पण माफी माझ्याकडं मागितली जातेय आणि मी ती देतोय, हे मला सहन होईना. माणूस किती म्हणून थकेल.

मी म्हणालो, "राग नव्हता. टोकांना टेप लावायचं माझं काम होतं, मी लावली नाही. बटण मी दाबायला सांगितलं. गंध लागलंय हे मला गाडी परत आली त्याच दिवशी दिसलं आणि मी ते पुसून टाकलं. मी भ्यालो होतो, म्हणून बोललो नाही. जेवायला आलो नाही, कारण तुझ्यासमोर बसायचं तोंड नव्हतं."

एक कोकरू बांधावर चढलं होतं, त्याला त्यानं तोंडानंच हाकारून खाली घेतलं.

"म्हंजी माजी चूक नव्हती," तो म्हणाला. मला विचारत नव्हता, स्वतःशीच बोलत होता. "आठ वर्सं घरात बायकोला सांगत आलो, माज्यामुळं घाट उतारतीस. ती बी तेच म्हनत आली."



त्यानं फडक्याचे चारही कोपरे उचलले, भाकरी तशाच आत, आणि गाठ मारली. घाई केली नाही, आदळआपट केली नाही. मग काठी उचलली, फडकं खांद्याला अडकवलं आणि मेंढरांच्या पलीकडं, रानाच्या दुसऱ्या कडेला जाऊन सावली नसलेल्या जागी पाठमोरा बसला. मी बाभळीखाली बराच वेळ बसून राहिलो. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि मला भूक लागली होती.